जवळ जायचे की जवळ आणायचे?

दुकानदाराने काचेच्या काउंटरवर दोन लेन्स शेजारीशेजारी मांडल्या. एक बुटकी, रुंद तोंडाची, साधारण फुलपात्राएवढी. दुसरी लांबोडकी, प्रवासातल्या छोट्या थर्माससारखी. पहिली वाइड अँगल, दुसरी टेलिफोटो झूम. मी दोन्ही कॅमेऱ्याला लावून समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा पाहिल्या, आणि मग निवृत्त माणसे करतात तेच केले : किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या. पण चिठ्ठ्यांनीही निकाल दिला नाही. दोन्ही किमती जवळपास सारख्याच निघाल्या.

"काका, तुम्हाला काढायचंय काय, ते सांगा आधी," दुकानदार म्हणाला.

छत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी हाच प्रश्न लोकांना विचारला. कर्ज कशासाठी हवे? अर्जात त्यासाठी वेगळा रकानाच असे : 'कर्जाचे प्रयोजन'. ज्याला प्रयोजन धड सांगता येत नाही असा अर्जदार समोर आला, की आम्ही अधिकारी मंडळी खुर्चीत जरा मागे रेलत असू. आज मी काउंटरच्या बाहेर उभा होतो आणि माझाच रकाना कोरा होता.

कॅमेरा मुलाने दिलेला. २०२० साली निवृत्त झालो, तेव्हा करोनामुळे निरोप समारंभ झालाच नाही. त्याची ही भरपाई. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स बारशी, वाढदिवस आणि गच्चीवरची जास्वंद यांना पुरून उरली. पण हौस अशी असते की जे पुरते ते तिला पुरत नाही. सौभाग्यवतींनी मात्र घरून निघतानाच बजावले होते, "एकच घ्या. दुसरी कपाटात पडून राहील, तुमच्या हार्मोनियमसारखी."

माझी घालमेल बघून दुकानदारानेच तोड काढली. "दोन्ही भाड्यानं न्या. दोन दिवस कुठंतरी जाऊन या. परत कराल तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल."

कुठे जायचे, हे मात्र मला लगेच सुचले. माझी नोकरी सुरू झाली ती आंबेगाव तालुक्यातल्या एका शाखेत. मंचर, घोडेगाव, डिंभे आणि मग घाट चढून भीमाशंकर, हा रस्ता मी तेव्हा मोटारसायकलवरून, एसटीच्या टपाच्या शिडीला लटकून आणि एकदा तर चक्क दुधाच्या टेम्पोत बसून पालथा घातला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात, एका बुधवारी पहाटे, दोन लेन्सची पिशवी मांडीवर घेऊन मी पुन्हा त्या रस्त्याला लागलो.

या दोन लेन्समधला फरक सांगायला पुस्तकी आकडे नकोत, आपला हात पुरे. एक हात समोर ताठ धरा आणि मधली तीन बोटे जुळवून उभी करा. त्या तीन बोटांआड जेवढे जग झाकले जाते ते साधारण पाच अंशांचे. माझ्या हातातली टेलिफोटो पूर्ण लांबवली, म्हणजे तीनशे मिलिमीटरवर नेली, की तिला एवढेच दिसते. बाकीचे जग ती सोडून देते. आता दोन्ही हात समोरून बाजूला फाकवत काटकोनाच्याही थोडे पुढे न्या. एवढे सगळे त्या बुटक्या वाइड अँगलच्या पोटात मावते, शंभर अंशांहून अधिक. तीन बोटे की दोन हात, एवढाच खरा प्रश्न. झूम म्हणजे त्या बोटांची संख्या कमीजास्त करायची सोय. स्थिरचित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स १९५९ साली जर्मनीतल्या फोग्टलेंडर कंपनीने बाजारात आणली, तिचे नाव 'झूमर'. तोवर छायाचित्रकाराची झूम म्हणजे त्याचे दोन पाय.

या पायांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. टेलिफोटोमुळे वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि वाइडमुळे जवळच्या माणसाचे नाक भोपळ्याएवढे येते, असे आपण म्हणतो. दोष लेन्सचा नसतो, आपण कुठे उभे आहोत त्याचा असतो. लांब उभे राहिले की पुढच्या आणि मागच्या माणसातले अंतर आपल्याला कमी भासते. वर्तमानपत्रातल्या सभांचे फोटो आठवा. दूर उभे राहून टेलिफोटोने टिपले तर विरळ सभाही खच्चून भरल्यासारखी दिसते. त्याच मैदानात व्यासपीठावरून वाइड लावली तर मागच्या रिकाम्या खुर्च्या मोजता येतात. दोन्ही फोटो खरे. कोणता छापायचा, ते ज्याच्या-त्याच्या प्रयोजनावर.

पहिला दिवस टेलिफोटोला द्यायचा ठरवले होते, कारण भीमाशंकरला शेकरू आहे.

शेकरू ही मोठी खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले तेव्हा या प्राण्याचे रक्षण हाच त्याचा एक मुख्य हेतू होता. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे एकशे तीस चौरस किलोमीटरचे हे जंगल. जांभूळ, हिरडा, अंजन, आंबा यांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले, की शेकरूला जमिनीवर उतरण्याचे काम क्वचितच पडते. झाडावरून झाडावर पंधरा-वीस फुटांची झेप तो सहज घेतो. काटक्या आणि पाने यांचे गोलसर घरटे उंच फांद्यांच्या टोकाशी बांधतो, आणि एकावर न भागता अनेक बांधतो. वन विभाग शेकरूंची गणती करतो तेव्हा त्यांची घरटीही मोजतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाच खातेदाराची अनेक खाती, त्यामुळे ताळेबंद जपून मांडावा लागतो.

आमचा वाटाड्या पस्तिशीतला, महादेव कोळी समाजातला. त्याचे वडील बाळहिरडा गोळा करून विकत, तोही करतो. शिवाय शनिवार-रविवारी पर्यटकांना जंगल दाखवतो. त्याने पहिल्याच वळणावर माझ्या गळ्यातल्या अवजाराकडे बघून ओळखले, "शेकरूच ना, काका? मग बोलायचं नाय आता."

शेकरू सकाळी आणि उन्हे उतरताना हिंडतो, भर दुपारी फांदीवर अंग टाकून पडतो. आम्ही साडेसातला हनुमान तळ्याकडच्या वाटेला लागलो. अर्ध्या तासाने वाटाड्याने नुसती हनुवटी वर केली. चाळीस फुटांवर, पानांच्या गर्दीत, एक तांबूस-तपकिरी शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी लोंबत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तीन बोटांच्या त्या खिडकीत शेकरू शोधू लागलो. सापडेना. पाने, फांदी, आभाळ, पुन्हा पाने. अंगणातल्या माणसाने किल्लीच्या भोकातून घरातली सुई शोधावी तसे ते काम. वाटाड्या म्हणाला, "आधी नुसत्या डोळ्यानं बघा, काका. मग यंत्र लावा." साठी उलटलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगावे लागते!

मग सापडला. पोटाकडून फिकट पिवळसर, पाठीकडून विटकरी, कान टवकारलेले, पुढच्या दोन पंजांत कसलेसे फळ. मी धडाधड वीस फोटो काढले आणि वीसही हलले. कारण सोपे होते. घनदाट झाडीत उजेड कमी, त्यात ही लेन्स लांबवली की तिचे छिद्र आणखी अरुंद होते आणि उजेड आणखी कमी आत येतो. दुसरीकडे हाताची बारीक थरथरही ती तितक्याच पटीने मोठी करून दाखवते. म्हणून जुने लोक सांगत, लेन्सचा आकडा जेवढा तेवढ्याव्या हिश्श्याच्या सेकंदात शटर मिटले पाहिजे. तीनशेच्या लेन्सला निदान तीनशेवा हिस्सा, आणि माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तर साडेचारशेवा. आजच्या लेन्समध्ये थरथर सावरून घेणारी यंत्रणा असते, पण ती माझा हात सावरते, शेकरूची उडी नाही. शेवटी मी पाठ एका हिरड्याच्या खोडाला टेकवली, श्वास धरला, शटरचा वेग वाढवला आणि फोटोवर येणारे दाणे मुकाट पत्करले. एकविसावा फोटो बरा आला. त्याच्या डोळ्यात वरच्या आभाळाचा एक पांढरा ठिपका आहे. माझ्या सगळ्या छायाचित्रांत तो सर्वांत देखणा आहे, हे आजही मान्य करतो.

दुपारी मी तो फोटो वाटाड्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्याने तो नीट पाहिला, मान डोलावली, आणि म्हणाला, "झकास आलाय. पण कुठं काढलाय ते नाय कळत."

खरेच कळत नव्हते. ती फांदी भीमाशंकरची असो की आणखी कुठल्या जंगलातली, मागे नुसता हिरवा धुरळा. त्या फांदीखालून जाणारी वाट, वाटेवर पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, थोड्या अंतरावरून ऐकू येणारे घाटातल्या गाड्यांचे भोंगे, त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आणि आता अभयारण्याच्या नियमांत आपला हिरडा सांभाळणारा हा माणूस, यांतले काहीच त्या पाच अंशांत नव्हते. टेलिफोटोने मला शेकरू दिला, आणि बाकी सगळे जंगल बाहेर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाइड अँगल लावली आणि देवळाकडे निघालो. भीमाशंकरचे देऊळ खोलगट जागी आहे; दोनशेच्या वर पायऱ्या उतरून जावे लागते. हेमाडपंती आणि नागर शैलीचे संस्कार घेतलेल्या या देवळाच्या शिखराशी नाना फडणिसांचे नाव जोडलेले आहे, आणि आवारात ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. मी घंटेच्या इतका जवळ गेलो की माझी सावली तिच्यावर पडली. लेन्समध्ये घंटा, तिच्यामागे कळस, कळसावर आभाळ, डावीकडे फुलांच्या टोपल्या, उजवीकडे एका आजींचा चपला शोधणारा हात, सगळे एकदम आले. खाली वाकून वर पाहिले तर देवळाच्या भिंती वर जाताना आतल्या बाजूला कलू लागल्या. कॅमेरा सरळ धरला तर भिंती सरळ झाल्या, पण खालची फरशी निम्मी चौकट खाऊन बसली. वाइडचे हे दुखणे नवशिक्याला लवकर कळते : तिच्यात सगळे मावते, त्यामुळे नको ते आधी मावते.

तिचा दुसरा पराभव नागफणीच्या टोकावर झाला. तिथून खाली कोकण दिसते आणि पदरगडाचा सुळका अंगावर आल्यासारखा उभा असतो. छाती दडपून टाकणारा तो कडा वाइडमध्ये बोटभर उंचीची एक निळी रेघ झाला आणि पायाजवळची सोनकीची पिवळी फुले मात्र ताटाएवढी आली. डोंगर काढायला वाइड लागते हा माझा समज तिथे गळाला. लांबचा डोंगर मोठा दिसायला हवा असेल तर पुन्हा टेलिफोटोच लावावी लागते. तिने धुक्यातून एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा अलगद वेगळ्या करून दाखवल्या. सगळा डोंगर एका नजरेत हवा असेल तर गोपाळ बोधे यांच्यासारखे हेलिकॉप्टरमधून किल्ले टिपायला हवेत. ते भाग्य आणि ते धाडस प्रत्येकाकडे कुठून असणार?

थोडक्यात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सामना बरोबरीत होता. किंबहुना टेलिफोटो एका शेकरूने पुढेच होती. परतीला निघालो. डिंभ्याला आलो तेव्हा ऊन कलले होते. तिथून सरळ पुण्याचा रस्ता धरायचा, पण मी ड्रायव्हरला गाडी आहुप्याच्या बाजूच्या रस्त्याला घ्यायला सांगितले. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता माळीणला जातो.

इथे मला १९८७ सालात जायला हवे.

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली जात. म्हैस घेतली की तिचा विमा, विम्यासाठी कानात बिल्ला, आणि कर्जाच्या फायलीत फोटो. फोटोत कर्जदार हवा, म्हैस हवी आणि कानातला बिल्ला दिसायला हवा. म्हैस मेली आणि बिल्ला हजर नसेल तर विम्याचा दावा नामंजूर. शाखेत कॅमेरा नव्हता. माझ्याकडे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता, बारा फोटोंच्या रोलचा. म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

माळीणमधल्या एका कर्जदाराच्या दारात मी असाच उभा होतो. त्या कॅमेऱ्यात लेन्स एकच, तिचा ना पुढे सरकायचा प्रश्न ना मागे. फार जवळ गेले की चित्र धूसर येई, आणि म्हैसही नव्या माणसाला बघून शिंगे हलवत होती. म्हणून मी चांगला दहा-बारा पावले मागे सरलो आणि बटण दाबले. घोडेगावच्या स्टुडिओतून मोठी प्रत करून आणली. प्रत सुरेख आली होती. डावीकडे दावे धरून उभा असलेला कर्जदार आणि म्हैस. उजवीकडे त्याचे घर, दारात कमरेवर पोर घेतलेली त्याची बायको, पदर दाताखाली धरून हसणे दाबणारी. आणि घरामागे, चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत चढत गेलेला डोंगर.

फॉर्मवर फोटोसाठी दोन बोटांचा चौकोन होता. मी कात्री घेतली, म्हैस आणि कर्जदार तेवढे कापून चौकोनात चिकटवले, वर शिक्का मारला. घर, बाई आणि डोंगर असलेली उजवी पट्टी टेबलाखालच्या टोपलीत टाकली. निगेटिव्ह कुठे गेली ते आठवतही नाही. काम नियमाप्रमाणे चोख झाले होते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसात, माळीणमागचा तो डोंगर खचला आणि गावावर आला. दीडशेहून अधिक माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्यापुढे गावच दिसेना. ही बातमी बाहेरच्या जगात पोचवली ती त्याने. पुढे कारणांची चर्चा झाली : अतिवृष्टी, मुरलेले पाणी, उतारावर झालेली जमीन सपाटीकरणाची कामे. वर्तमानपत्रांनी तेव्हा दोन्ही तऱ्हेचे फोटो छापले. काहींत चिखलातून निघालेले एखादे भांडे किंवा एखाद्या आईचा चेहरा. काहींत हिरव्या डोंगरावरून थेट खाली उतरलेला तांबड्या मातीचा पट्टा. एकाने डोळ्यांत पाणी येई, दुसऱ्याने काय झाले ते कळे.

त्या ऑगस्टमध्ये मला एक फोन आला. माझ्या त्या कर्जदाराचा भाचा. कर्जदार स्वतः आधीच वारला होता. त्याची बायको, म्हणजे या मुलाची मामी, त्या सकाळी घरात होती.

"साहेब, तुम्ही मामाच्या म्हशीचा फोटो काढला होता. मामी दारात उभी होती. मी तिथंच होतो, बारका होतो तवा. तो फोटो बँकेत असंल का?"

मी विचारले, मामींचा दुसरा फोटो नाही का? "मतदार कार्डाचा हाय, पण वळखू येत नाय. घरातले व्हते ते घराबरोबर गेले. आन्‌ त्या तुमच्या फोटोत घर बी व्हतं."

कर्ज फिटून वीस वर्षांच्या वर झाली होती. मुदत संपलेल्या फायली कधीच निकालात निघाल्या असणार. पण मला मनात नीट ठाऊक होते की फाईल सापडली असती तरी तिच्यात मामी नव्हती. ती मी सत्तावीस वर्षांपूर्वीच टोपलीत टाकली होती. "बघतो," म्हणालो. आणि पुन्हा त्याला फोन करण्याचे धाडस मला झाले नाही.

आता, नऊ वर्षांनी, मी त्या रस्त्यावर गाडीतून उतरलो. वाचलेल्या माणसांसाठी नवे गाव जवळच आमडे इथे वसले आहे. २०१७ साली लोक तिथे राहायला गेले. जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे. संध्याकाळचे ऊन तिरपे पडले होते. दूर स्तंभाजवळ एक म्हातारा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. नागफणीवरून निघताना कॅमेऱ्याला टेलिफोटो राहून गेली होती. मी ती लांबवली. त्याचा चेहरा खिडकीत भरून आला : गालावरच्या सुरकुत्या, डोळ्यांच्या कडा, मागे सोनेरी धुरळा. खरे सांगतो, फोटो अप्रतिम आला असता. त्याला कळलेही नसते. रविवारच्या पुरवणीत शोभला असता.

बोट बटणावर होते. काल याच तऱ्हेने मी शेकरूचा फोटो काढला होता आणि त्यात काही वावगे वाटले नव्हते. वाटायला नकोच होते. रानातल्या जिवापासून लांब राहणे हीच सभ्यता. त्याच्या खाण्यात, निजण्यात, घरट्यात आपण विघ्न आणू नये म्हणून टेलिफोटो असते. पण हा म्हातारा काही फांदीवर बसलेला नव्हता. त्याला हाक मारता येत होती. त्याला हाक न मारता त्याचे दुःख जवळ ओढून घ्यायचे, आणि त्याचे गाव, त्याचा डोंगर पाच अंशांबाहेर ठेवायचा, हे मी १९८७ साली कात्रीने केले होते. आता लेन्सने करणार होतो.

मी लेन्स बदलली आणि चालत गेलो. वाइड अँगलची एक अट असते. चार-पाच फुटांच्या आत गेल्याशिवाय तिच्यात माणूस माणसाएवढा येत नाही, आणि चार-पाच फुटांवर जाऊन रामराम न करता उभे राहता येत नाही.

मी रामराम केला. ते म्हणाले, "कुटून आला?" मी पुण्याहून आलो म्हणालो, पूर्वी इथल्या बँकेत होतो म्हणालो. कोण मॅनेजर होते तेव्हा, म्हशीला किती कर्ज मिळायचे, दुधाची गाडी कुठे थांबायची, अशा गोष्टी झाल्या. त्यांच्या घरातले कोण गेले ते त्यांनी आपणहून सांगितले. ते इथे लिहीत नाही. मग मी विचारले, तुमचा फोटो काढू का?

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, सरळ उभे राहिले, आणि मागे हात केला. "काढा. पन त्यो डोंगर येऊ द्या सगळा. नुसता माजा काढून काय कळंल?"

टेलिफोटोने हे काम होणे शक्यच नव्हते. डोंगर घेण्याइतका मागे गेलो असतो तर म्हातारबाबा टाचणीएवढे झाले असते. वाइडमध्ये मात्र चार फुटांवरचा चेहरा आणि त्यामागचा सगळा डोंगर, गवत चढलेल्या त्या जखमेसकट, दोन्ही स्पष्ट आले. चेहरा कडेला थोडा ताणला गेला आहे, डोंगर खरा आहे त्याहून बुटका दिसतो आहे. जाणकार त्यात चार चुका काढतील. पण तो फोटो कुठे काढला आहे, ते कळते.

पुण्याला आल्यावर दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवल्या. "मग, काय ठरलं काका?" दुकानदाराने विचारले. मी बुटक्या लेन्सवर बोट ठेवले. त्याला जरा नवल वाटले, कारण तोवर त्याने कॅमेऱ्यातला शेकरू पाहिला होता.

कुणी मला सल्ला विचारला तर मी सगळ्यांना वाइडच घ्या असे सांगणार नाही. पक्षी, प्राणी, मैदानावरचा खेळ, मंचावरचे गाणे यांत ज्याचा जीव आहे, त्याने टेलिफोटो घ्यावी आणि सोबत एक तिकाटणे घ्यावे. घर, अंगण, जत्रा, वारी, लग्नघर, अरुंद गल्लीतला वाडा यांत रमणाऱ्याने वाइड घ्यावी आणि भिंती कलल्या म्हणून हिरमुसू नये. सह्याद्रीच्या पावसात हिंडणाऱ्याने कोणतीही घ्यावी, पण घरी आल्यावर ती कोरडी करून डबाबंद ठेवावी, सिलिका जेलची पुडी टाकून. नाहीतर लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि मग दोन्ही लेन्सना एकच दृश्य दिसते. एवढे करूनही निर्णय होत नसेल तर आमच्या जुन्या अर्जातला रकाना भरून पाहावा : प्रयोजन काय? आणि त्याच्याखाली, अर्जात नसलेला, आणखी एक : आपण काय बाहेर ठेवायला तयार आहोत?

शेकरूचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. पाहुणे त्याच्याकडे बघून "वा!" म्हणतात आणि चहा घेतात. म्हातारबाबांच्या फोटोच्या मी दोन प्रती केल्या. एक आमडे इथे त्यांना पाठवली. दुसरी पाठवायच्या आधी मात्र, नऊ वर्षे न केलेला फोन करावा लागला. नंबर बदलला होता. मंचरच्या बाजारात चौकशी करून मिळवला. भाचा आता पन्नाशीकडे झुकला आहे. त्याला मी कात्रीची आणि टोपलीची सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पाठवा साहेब. मामी नाय, पन डोंगर तर हाय ना तिच्या घरामागचा."

प्रत पाकिटात घालताना ती थोडी मोठी होत होती. कडेचा पांढरा कागद कापला तर बसेल, असे सौभाग्यवती म्हणाल्या. मी बाजारात जाऊन मोठे पाकीट घेऊन आलो.